काट्यावरचं वजन आणि अंगातली ताकद : स्नायूंच्या आनुवंशिक आजारात शरीराचा हिशोब कसा ठेवायचा

(पॉडकास्टच्या या भागाचं लिखित रूप. बोलताना झालेली पुनरुक्ती काढली आहे, बाकी जसं बोलले तसंच ठेवलं आहे.)

 

आजचा विषय एका व्हॉइस मेसेजवरून आलाय. सोलापूर जिल्ह्यातल्या एका ताईंनी पाठवला होता. त्यांचा मुलगा १० वर्षांचा आहे, त्याला डुशेन मस्क्युलर डिस्ट्रॉफी आहे. वर्षभरात त्याचं वजन ३० किलोवरून ३३ किलोवर गेलं. आजी खूश, म्हणते, 'पोरगं अंगाला लागलंय.' पण जमिनीवरून उठायला त्याला पूर्वीपेक्षा जास्त वेळ लागतोय. ताईंचा प्रश्न सरळ आहे. वजन वाढतंय म्हणजे तब्येत सुधारतेय ना? मग ताकद का कमी होतेय?

मी फिजिओथेरपिस्ट आहे, आणि हा प्रश्न मला वेगवेगळ्या शब्दांत कितीतरी घरांनी विचारलाय. कधी मुलाबद्दल, कधी चाळिशीतल्या नवऱ्याबद्दल. म्हणून आज पूर्ण भाग यावरच. शरीरात स्नायू किती, चरबी किती, आणि त्यावर माणसाचं उठणं, बसणं, चालणं कसं ठरतं. आणि घरी बसून आपण काय मोजू शकतो, तेही सांगते.

आधी आजाराबद्दल थोडक्यात

स्नायूंचे आनुवंशिक आजार म्हणजे एक आजार नाही, मोठं कुटुंब आहे. डुशेन आणि त्याचा सौम्य भाऊ बेकर हे मुख्यतः मुलग्यांना होतात, कारण त्यांचं जनुक एक्स गुणसूत्रावर असतं. लिंब-गर्डल प्रकारात कंबर, मांड्या आणि खांदे आधी थकतात. एफएसएचडी नावाच्या प्रकारात चेहरा, खांदे, दंड, आणि बऱ्याचदा एक बाजू दुसरीपेक्षा जास्त अशक्त. मायोटॉनिक डिस्ट्रॉफीत मूठ घट्ट आवळली की पटकन सुटत नाही. प्रत्येकाचा वेग वेगळा, कोणते स्नायू आधी जाणार तेही वेगळं.

डुशेनमध्ये डिस्ट्रॉफिन नावाचं प्रथिन तयार होत नाही. स्नायूचा तंतू आकुंचन पावतो तेव्हा त्याच्या पातळ आवरणावर ताण येतो. डिस्ट्रॉफिन त्या आवरणाला आतून धरून ठेवतं. ते नसलं की रोजच्या वापरातच आवरण फाटत राहतं. शरीर दुरुस्ती करतं, पण कधीतरी दुरुस्ती मागे पडते. मग तंतूच्या जागी येतात दोन गोष्टी : चरबी आणि चिवट तंतुमय ऊती, म्हणजे जखमेच्या वणासारखं काहीतरी.

ही जागेची अदलाबदल आजच्या विषयाचा गाभा आहे. आणि ती समजलेली फार जुनी आहे. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समधले डॉक्टर गीयोम डुशेन यांनी या मुलांच्या स्नायूचा बारीक तुकडा काढायला खास सुई बनवली आणि तो सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला. मुलांच्या पोटऱ्या तर चांगल्या भरलेल्या, पैलवानासारख्या. आत पाहिलं तर चरबी आणि तंतू. म्हणून त्यांनी १८६८ च्या सुमारास आजाराच्या नावातच 'खोटी वाढ' घातली. पोटरीची ती वाढ सुरुवातीला काही अंशी खरीही असते हे आता माहीत आहे. पण डोळ्यांना भरलेला दिसणारा स्नायू आतून भरलेला असेलच असं नाही, हे तेव्हापासून माहीत आहे.

ताईंच्या प्रश्नाचं उत्तर

आता हिशोब करू. हे आकडे मी समजण्यासाठी धरलेत, त्या मुलाचे मोजलेले नाहीत.

समजा ३० किलोमध्ये १० किलो स्नायू, ६ किलो चरबी आणि १४ किलो बाकी सगळं, म्हणजे हाडं, अवयव, रक्त, त्वचा. वर्षानंतर ३३ किलो. वय वाढीचं आहे म्हणून बाकीचं १४ चं १५ झालं. चरबी ६ ची ९ झाली. आणि स्नायू १० चे ९ राहिले. बेरीज करा : ९ अधिक ९ अधिक १५, ३३ च होतात.

आता दर किलो वजनामागे स्नायू किती ते बघा. आधी ३३३ ग्रॅम होते, आता सुमारे २७३. म्हणजे १८ टक्क्यांची घट. बैलगाडीचं ओझं वाढलं आणि त्याच वेळी बैल अशक्त झाला, तसं हे. उठताना मुलाला ३ किलो जास्त उचलायचेत, आणि उचलणारं यंत्र १ किलोने कमी झालंय.

यातली खरी अडचण काय आहे माहितीये? दहाव्या वर्षी वर्षाला दोन-तीन किलो वाढणं अगदी सर्वसाधारण आहे. काट्यावर काहीच वावगं दिसत नाही. शाळेच्या तपासणीत 'वजन योग्य' असा शेरा येतो. म्हणून ताई, तुमच्या डोळ्यांना जे दिसलं, उठायला वेळ जास्त लागतोय, ते काट्यापेक्षा खरं आहे. ते पुढच्या भेटीत डॉक्टरांना नक्की सांगा.

बीएमआय इथे का चुकतो

बीएमआय म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग. त्याला स्नायू आणि चरबीतला फरक कळत नाही. पैलवानाला तो लठ्ठ ठरवतो, आणि स्नायूंच्या आजारात उलटं होतं. बीएमआय २२ आहे, सगळं छान आहे असं वाटतं, आणि आत चरबीचं प्रमाण खूप जास्त निघतं.

दुसरी भानगड उंचीची. पाठीला बाक आला असेल, गुडघे-घोटे आखडले असतील, मूल उभंच राहत नसेल तर उंची मोजणार कशी? चुकीची उंची घातली की बीएमआय आणखी चुकतो. अशा वेळी कोपरापासून मनगटापर्यंतच्या हाडाची लांबी मोजून उंचीचा अंदाज काढतात. तुमच्या फिजिओला किंवा आहारतज्ज्ञाला विचारा, त्यांच्याकडे तक्ते असतात.

मग बीएमआय टाकूनच द्यायचा का? नाही. एकाच माणसाचा, एकाच पद्धतीने मोजलेला, महिन्यामागून महिना कुठे चाललाय हे बघायला तो चालतो. फक्त एकच आकडा बघून 'ठीक' किंवा 'बिघडलं' म्हणू नका.

मोजायची साधनं : साध्यापासून महागापर्यंत

सगळ्यात स्वस्त म्हणजे शिंप्याची टेप. बेंबीच्या पातळीवर पोटाचा घेर. वजन तेवढंच आणि घेर वाढतोय, तर चरबी वाढतेय असं समजायला हरकत नाही.

जिममध्ये किंवा मेडिकल कँपमध्ये एक यंत्र असतं, त्यावर उभं राहिलं की 'फॅट इतके टक्के, मसल इतके टक्के' अशी चिठ्ठी येते. ते अंगातून अगदी सौम्य वीजप्रवाह सोडतं आणि अंगातल्या पाण्यावरून अंदाज बांधतं. त्यामागची गणितं निरोगी लोकांवर बेतलेली असतात. आपल्या आजारात स्नायूतलं पाणी आणि चरबी यांचं नातंच बदललेलं असतं. त्यामुळे त्या चिठ्ठीवर फार विसंबू नका. जिमवाल्याने चिठ्ठी बघून 'मसल कमी आहे, वजन उचला' असं सांगितलं तर अजिबात नको. व्यायामाकडे येतेच मी.

डेक्सा स्कॅन. हाडांच्या घनतेसाठी करतात तोच. त्यात हाड, चरबी आणि 'लीन मास' वेगळे मिळतात. क्ष-किरणांची मात्रा अगदी कमी असते. पण एक खाच आहे. लीन मास म्हणजे निव्वळ स्नायू नाही. चरबी आणि हाड सोडून जे काही आहे ते सगळं, अगदी अवयव, पाणी आणि स्नायूत वाढलेले ते चिवट तंतूसुद्धा त्यात येतात. त्यामुळे काम करणारा स्नायू डेक्सात दिसतो त्यापेक्षा कमीच असतो.

आणि एमआरआय. मांडीचा एमआरआय खास पद्धतीने काढला की प्रत्येक स्नायूत चरबी किती टक्के आहे हे सांगता येतं. निरोगी स्नायूत ती थोडेच टक्के असते. डुशेनमध्ये मांडीच्या बाहेरच्या बाजूचा मोठा स्नायू, व्हॅस्टस लॅटरॅलिस, त्यातली चरबी कशी वाढते यावरून चालणं कधी अवघड होईल याचा अंदाज संशोधक बांधतात. अमेरिकेत फ्लोरिडा विद्यापीठाच्या पुढाकाराने मुलांचे असे एमआरआय वर्षानुवर्षं काढले गेले. त्यातली लक्षात ठेवण्यासारखी गोष्ट अशी : काही मुलांचं चालणं-उठणं वर्षभर स्थिर होतं, काहींचं तर सुधारलेलंही होतं, तरी मांडीच्या स्नायूत चरबी वाढलेली दिसली. म्हणजे आतला बदल बाहेर दिसण्याआधी सुरू होतो.

एक गंमतीची गोष्ट सांगते. मांडीत सार्टोरियस नावाचा लांब पट्ट्यासारखा स्नायू आहे. लॅटिनमध्ये सार्टर म्हणजे शिंपी. शिंपी मांडी घालून बसतात, त्या बैठकीवरून नाव पडलं. डुशेनमध्ये मांडीतले इतर स्नायू गेले तरी हा बराच काळ टिकून राहतो.

एमआरआय मुख्यतः संशोधनात आणि निदानात वापरतात. प्रत्येकाने दर वर्षी काढायची गरज नाही, खर्चही आहे. आपल्याकडे त्याहून सोपं आणि फुकट साधन आहे. ते म्हणजे रोजची कामं.

काम करून बघा, आकडा कळेल

दवाखान्यात तीन-चार चाचण्या नेहमी होतात. सहा मिनिटांत माणूस किती मीटर चालतो. दहा मीटर किती सेकंदांत चालतो. जमिनीवरून उठायला किती सेकंद. चार पायऱ्या चढायला किती सेकंद. डुशेनच्या चालत्या मुलांसाठी 'नॉर्थ स्टार' नावाची परीक्षा आहे : १७ कामं, प्रत्येकी ० ते २ गुण, एकूण ३४.

अंदाज यावा म्हणून सांगते. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन अभ्यासात डुशेनची मुलं सहा मिनिटांत सरासरी ३६६ मीटर चालली आणि निरोगी मुलं ६२१ मीटर. पुढे औषधांच्या चाचण्यांमध्ये हे मोजमाप खूप वापरलं गेलं.

उठण्याच्या चाचणीबद्दल थोडं जास्त बोलते. ज्याला गॉवर्स खूण म्हणतात ती याचीच. मूल आधी पालथं होतं, हातापायांवर येतं, मग हात गुडघ्यांवर, मग मांड्यांवर, असं स्वतःच्याच अंगावर चढत उभं राहतं. लंडनचे डॉक्टर विल्यम गॉवर्स यांनी १८७९ मध्ये हे नीट वर्णन केलं.

आपल्या घरांत ही खूण लवकर दिसू शकते, कारण आपण जमिनीवर बसतो. पंगतीत, पूजेला, अंगणवाडीत सतरंजीवर. पाटावरून उठताना पोर मांडीवर हात ठेवून उठतंय, उकिडवं बसलं की उठवत नाही. मोठ्या माणसांत लिंब-गर्डल प्रकारचं पहिलं लक्षण बऱ्याचदा तेच असतं, भारतीय पद्धतीच्या संडासातून उठायला त्रास. लोक त्याला गुडघेदुखी समजतात. गुडघा दुखत नसताना उठता येत नसेल तर स्नायूंची तपासणी करून घ्या.

रक्ताच्या तपासणीतले दोन चकवे

स्नायू कमी झाले की रक्ताचे रिपोर्टही वेगळे बोलायला लागतात. दोन गोष्टी लिहून ठेवा.

पहिली, एसजीओटी आणि एसजीपीटी. आपण त्यांना लिव्हरच्या टेस्ट म्हणतो. पण ही द्रव्यं स्नायूतही असतात. स्नायू फाटतायत म्हणून ती वाढतात आणि मुलाला कावीळ किंवा लिव्हरचा आजार आहे असं समजून महिनोन्महिने भलतेच उपचार होतात. अशा वेळी सीके नावाची तपासणी सांगायला हवी. डुशेनमध्ये ती लहानपणी सामान्य पातळीच्या दहापटीहून कितीतरी जास्त असते. जीजीटी ही लिव्हरची तपासणी मात्र स्नायूमुळे वाढत नाही, त्यामुळे ती सोबत केली की उलगडा होतो.

दुसरी, क्रिएटिनिन. हे स्नायूतून तयार होतं आणि किडनी ते बाहेर टाकते. स्नायूच कमी असतील तर क्रिएटिनिन मुळातच कमी. मग किडनीवर ताण आला तरी आकडा 'नॉर्मल' दिसू शकतो. मोठ्या मुलांत, विशेषतः हृदयाची औषधं चालू असताना, हे महत्त्वाचं आहे. सिस्टॅटिन सी नावाची तपासणी स्नायूंवर इतकी अवलंबून नसते. डॉक्टरांना तेवढं एकदा विचारा.

खाणं : 'अशक्त आहे, तूप वाढ'

आता थोडं नाजूक. आपल्याकडे अशक्तपणा दिसला की खायला घालतात. प्रेम असतं त्यात, मला कळतं. पण स्नायू अशक्त झालाय तो जनुकामुळे, उपासमारीमुळे नाही. जास्तीचं तूप, बदामाचा शिरा, डबाभर प्रोटीन पावडर यांनी गेलेले तंतू परत येत नाहीत. जास्तीचं सगळं चरबी म्हणूनच साठतं.

स्नायू कमी झाला म्हणून शरीराची गरज किती घटते? शांत पडून असताना एक किलो स्नायू दिवसाला साधारण १३ कॅलरी वापरतो, एक किलो चरबी साडेचार. मघाच्या हिशोबात एक किलो स्नायू गेला आणि तीन किलो चरबी आली, म्हणजे विश्रांतीतला खर्च जवळपास तेवढाच राहिला. खरी घट होते हालचालीत. दिवसभर धावणारं मूल बसून राहायला लागलं की खर्च एकदम खाली येतो, आणि ताटातलं मात्र तेवढंच राहतं. म्हणून व्हीलचेअर सुरू होण्याच्या आगेमागेच वजनावर जास्त लक्ष हवं.

डुशेनमध्ये त्यात स्टिरॉइडची भर. प्रेडनिसोलोन किंवा डिफ्लाझाकॉर्ट. या औषधांनी चालणं साधारण दोन-तीन वर्षं जास्त टिकतं, श्वास आणि पाठीच्या कण्यालाही फायदा होतो. २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या चाचणीत रोज गोळी घेणाऱ्या मुलांचं, दहा दिवस गोळी आणि दहा दिवस सुट्टी अशा पद्धतीच्या मुलांपेक्षा चांगलं चाललं. पण भूक वाढते, चेहरा गोल होतो, उंची खुंटते, हाडं ठिसूळ होतात. वजन वाढलं म्हणून घाबरून गोळी स्वतःहून बंद करू नका. अचानक बंद केली तर जिवावर बेतू शकतं, कारण शरीर स्वतःचं स्टिरॉइड बनवणं विसरलेलं असतं. उलट्या होऊन गोळी पोटात टिकत नसेल तरीही लगेच दवाखाना गाठा.

मग ताटात काय? घरातलंच. भाकरी किंवा पोळी, वरण, उसळ, ताक, भाजी जास्त, अंडी-मासे चालत असतील तर तेही. गोळीमुळे भूक लागते तेव्हा हाताशी काकडी, गाजर, मुरमुरे, फुटाणे ठेवा. चहा-बिस्किटं, फरसाण, गोड सरबतं, वडापाव कधीतरी. लोणचं-पापड कमी, कारण स्टिरॉइडबरोबर मीठ वाढलं की सूज आणि रक्तदाब वाढतो. आणि ताट पूर्ण घराचं बदला. बाकीचे भजी खातायत आणि एकट्या पोराच्या पुढ्यात काकडी, असं करू नका हो. आधीच त्याचं बरंच काही हिरावलं गेलंय.

मोठ्यांसाठी एक इशारा. झटपट वजन उतरवणारे डाएट करू नका. त्यात चरबीबरोबर स्नायूही जातो, आणि आपल्याला तो परवडत नाही. काही आजारांत, उदाहरणार्थ सीपीटी-टू नावाच्या चयापचयाच्या दोषात, लांब उपवासाने स्नायू विरघळून लघवी काळपट होऊ शकते. अशा व्यक्तीने निर्जळी एकादशी किंवा नवरात्राचे कडक उपवास करण्याआधी डॉक्टरांशी बोलायलाच हवं. देवाला कळतं सगळं.

दुसरं टोक : बारीक होत जाणं

आतापर्यंत मी वाढत्या वजनाचंच बोलले. पण डुशेनमध्ये साधारण किशोरवयाच्या शेवटाकडे उलट व्हायला लागतं. वजन उतरतं. हात तोंडापर्यंत जात नाही, चावताना जबडा थकतो, गिळताना ठसका लागतो, श्वास घ्यायलाच शक्ती खर्च होते. मग घास कमी होतात.

खुणा कोणत्या? जेवायला अर्धा तासापेक्षा जास्त लागणं, पाणी पिताना खोकला, छातीत वारंवार कफ, सकाळी डोकं दुखणं. शेवटची खूण रात्री श्वास अपुरा पडतोय याची असू शकते. या टप्प्यावर 'बारीक झाला, बरं झालं, उचलायला सोपं' असं म्हणू नका. गिळण्याची तपासणी, श्वासाची तपासणी, आणि गरज पडली तर पोटातून अन्न द्यायची नळी, हे सगळं वेळेत केलं तर त्या मुलाचं आयुष्य वाढतं आणि जेवण ही लढाई राहत नाही.

व्यायाम : किती आणि कोणता

दोन टोकाचे सल्ले मिळतात. एक, 'काहीच करू नको, स्नायू झिजतील.' दुसरा, 'जिम लाव, मसल बनेल.' दोन्ही चूक.

डुशेनसारख्या आजारात सगळ्यात जास्त इजा होते ती स्नायू ताणला जात असताना जोर लावल्यावर. जिने उतरणं, उतारावरून धावणं, बैठका, जड वजन हळूहळू खाली ठेवणं. हे टाळा. पोहणं किंवा पाण्यात हालचाल, सपाट जागी सायकल, हलकं चालणं हे चालतं. नेदरलँड्समध्ये ३० मुलांवर एक चाचणी झाली, २०१३ मध्ये प्रसिद्ध झाली. मोटरची मदत असलेल्या सायकलवर मुलांनी २४ आठवडे हातांनी आणि पायांनी पेडल मारलं. त्यांची हालचालीची क्षमता टिकून राहिली आणि व्यायाम न केलेल्या मुलांची घटली. चाचणी लहान आहे, पण 'न वापरणं हेही नुकसानच' एवढं त्यातून दिसतं.

नियम साधा ठेवा. व्यायाम करताना बोलता आलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी दुखत असेल किंवा थकवा राहिला असेल तर तो जास्त झाला. लघवी कोकमाच्या सरबतासारखी किंवा कोऱ्या चहासारखी झाली तर थांबा आणि त्याच दिवशी डॉक्टरांकडे जा.

आणि घोट्यांचं, गुडघ्यांचं, मांडीच्या मागच्या शिरांचं रोजचं ताणणं. कंटाळवाणं आहे, पण आखडलेला घोटा चांगल्या स्नायूलाही काम करू देत नाही.

पडण्याबद्दल दोन शब्द

चरबी वाढली, तोल गेला, हाडं ठिसूळ, अशा वेळी एक पडणं महागात पडतं. मांडीचं हाड मोडून सहा आठवडे अंथरुणात गेले तर चालणं परत येईलच असं नाही. म्हणून चालतं मूल असेल तर हाडाच्या डॉक्टरांना लवकर उभं करता येईल अशा उपचाराबद्दल विचारा. पाठ दुखत नसली तरी मणका दबलेला असू शकतो, स्टिरॉइड चालू असेल तर दर एक-दोन वर्षांनी कण्याचा बाजूने एक्स-रे काढतात. पडल्यानंतर मूल गोंधळल्यासारखं वागायला लागलं किंवा धाप लागली तर वाट बघू नका, हाडातली चरबी रक्तात गेल्याची ती खूण असू शकते. आणि कुठलंही ऑपरेशन असो, भूलतज्ज्ञाला आजाराचं नाव आधी सांगा. काही भुलीची औषधं या मुलांना चालत नाहीत.

घरची वही

आता कामाचं. एक वही करा. महिन्यातून एकदा, ठरलेल्या दिवशी, सकाळी.

वजन. लहान मूल असेल तर कडेवर घेऊन वजन करा आणि स्वतःचं वजा करा. व्हीलचेअरवर असेल तर भुसार दुकानातला किंवा मार्केट यार्डातला मोठा प्लॅटफॉर्म काटा बघा. खुर्चीसकट वजन, मग रिकाम्या खुर्चीचं वजन, वजाबाकी.

पोटाचा घेर. एकाच जागी.

चालत असेल तर दहा मीटरला किती सेकंद आणि जमिनीवरून उठायला किती सेकंद. मोबाइलवर व्हिडिओ काढा, डॉक्टरांना दहा मिनिटं वर्णन करण्यापेक्षा तो जास्त सांगतो. शेजारी कुणीतरी उभं राहा. अवघड झालं असेल तर ती चाचणी थांबवा.

चालत नसेल तर हात डोक्यावर जातो का, पेला तोंडापर्यंत जातो का, जेवायला किती मिनिटं, रात्री कूस बदलायला किती वेळा हाक मारतो. शेवटची नोंद आईला झोपेतही पाठ असते, पण ती कागदावर हवी.

एक विनंती. हे मोजणं परीक्षेसारखं करू नका. 'मागच्या महिन्यात सहा सेकंद होते, आता आठ?' असं पोरासमोर म्हणू नका. तो कमी पडलेला नाही. तुम्ही आजार मोजताय, पोराला नाही.

वर्षातून एकदा फुप्फुसाची आणि हृदयाची तपासणी, तो आपला वेगळा भाग आहे. डुशेन असलेल्या मुलाच्या आईच्या शरीरातही तो बदल असू शकतो. त्या वाहक असतील तर त्यांच्या हृदयावरही परिणाम होऊ शकतो. ताई, तुमचाही टूडी इको करून घ्या. सगळ्यांचं करताना आईचं राहून जातं.

जाता जाता, २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात मस्क्युलर डिस्ट्रॉफीचं नाव आहे. प्रमाणपत्रासाठी जाताना ही वही आणि व्हिडिओ बरोबर न्या, चालणं-उठणं कसं आहे ते समजावून सांगायला उपयोगी पडतात.

पुढच्या भागात श्वासाबद्दल बोलू : रात्रीचं मशिन कधी लागतं, आणि कफ काढायला घरात कशी मदत करायची. तुमचे प्रश्न व्हॉइस मेसेजवर पाठवा, नाव सांगायची गरज नाही. तोपर्यंत वहीचं पहिलं पान लिहून ठेवा. काळजी घ्या, भेटू.